महाबळेश्वरची वेधशाळा : रोज सकाळी साडेआठला काय मोजतात?

महाबळेश्वर : ‘महाबळेश्वरात २४ तासांत इतका पाऊस’ अशी बातमी पावसाळ्यात रोज मोबाईलवर येते. हा आकडा भारतीय हवामान विभागाच्या महाबळेश्वर येथील वेधशाळेतून येतो. समुद्रसपाटीपासून ही जागा सुमारे १,३८० मीटर उंच आहे.

आकडा कसा निघतो?
उघड्या जागेवरच्या पर्जन्यमापकात नरसाळ्यातून पाणी जमा होते. सकाळी ८.३० वाजता ते मोजतात. म्हणजे आजचा आकडा हा काल साडेआठ ते आज साडेआठपर्यंतचा असतो. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. एका गुंठ्यावर साधारण १०० लिटर!

तापमान वेगळे का दिसते?
थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चारेक फूट उंच ठेवतात. थंडीत वेण्णा तलावाकाठी गवतावरचे दव गोठते, तरी वेधशाळेचा पारा शून्याच्या बराच वर असतो. दोन्ही खरे. रात्री जमिनीलगतची हवा जास्त गार होते, आणि थंड हवा खोलगट भागात साचते.

खालच्या गावांना काय उपयोग?
कृष्णा, कोयना, वेण्णा आणि सावित्री या नद्या याच डोंगरात उगम पावतात. इथला पाऊस काही तासांत धोम, कण्हेर आणि कोयना धरणांकडे, तर सावित्रीतून महाडकडे उतरतो. २३ जुलै २०२१ च्या सकाळी इथे २४ तासांचा सुमारे ५९४ मिमी पाऊस नोंदला गेला, म्हणजे जवळपास दोन फूट पाणी. त्याच पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे आणि महाड तालुक्यातील तळिये येथे दरडी कोसळून माणसे गेली.

हे लक्षात ठेवा
घाटमाथ्यावरचा आकडा आपल्या शिवाराचा नसतो. महाबळेश्वरात धो-धो कोसळत असताना वाईत नुसती भुरभूर असू शकते. म्हणूनच अतिवृष्टीच्या मदतीसाठी आपल्या महसूल मंडळातली नोंद पाहतात. तिथे २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. नदीकाठच्या आणि डोंगरउताराच्या गावांनी मात्र वरचा आकडाही रोज बघावा. आपल्याकडे ऊन असले, तरी पाणी वरून येत असते. शेतीच्या अंदाजासाठी ‘मेघदूत’ आणि विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ही सरकारी ॲप मोफत आहेत.