‘कोमेर्चियुम’ : व्यापार, देवघेव आणि जामीन

नाताळाच्या आठव्या दिवशी, म्हणजे १ जानेवारीस, लॅटिन उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या एका प्राचीन गीतवचनात ख्रिस्ताच्या देहधारणेस अद्भुत ‘कोमेर्चियुम’ असे संबोधिले आहे. या शब्दाचा रूढ अर्थ ‘व्यापार’. मग इतक्या पवित्र रहस्यास बाजारातील शब्द का लावावा, असा प्रश्न उपदेशकापुढे उभा राहतो.

‘सह’ व ‘माल’ या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांपासून ‘कोमेर्चियुम’ बनला. परंतु रोमन कायद्यात त्याचा अर्थ नफा असा नसून, परस्परांशी खरेदी-विक्री करण्याचा अधिकार असा होता. रोमन नागरिकास तो जन्मतः असे. परक्यास तो मिळाला तर केवळ दिल्यामुळे मिळे. देवास वाहिलेल्या वस्तू मात्र या अधिकाराच्या कक्षेबाहेर होत्या. त्या विकता येत नसत.

परक्यास मिळणारा असा अधिकार कसा असतो, याचे उदाहरण आपल्या इतिहासात ग्वाल्हेरनजीकच्या सालबाई येथे सापडते. पेशवे व इंग्रज यांच्यातील तह तेथे १७ मे १७८२ रोजी झाला. इंग्रजांच्या पूर्वीच्या व्यापारी सवलती त्यात कायम करण्यात आल्या. पोर्तुगीज वगळता अन्य युरोपीय राष्ट्रांस वखारी घालू न देण्याचे पेशव्यांनी मान्य केले. तह उभयपक्षी पाळला जावा म्हणून महादजी शिंदे जामीन राहिले. दोन परक्या पक्षांमध्ये देवघेव चालावयाची, तर मध्ये दोघांच्याही विश्वासाचा पुरुष लागतो, हे येथे स्पष्ट दिसते.

मराठी पवित्र शास्त्रातही इब्री लोकांस पत्र ७:२२ मध्ये येशूस अधिक चांगल्या कराराचा ‘जामीन’ म्हटले आहे. तथापि हे साम्य येथेच थांबते. महादजींस इंग्रजांकडून भडोच मिळाले. आमच्या जामिनाने स्वतःसाठी काही घेतले नाही. तो धनवान असता आपल्याकरिता दरिद्री झाला, असे पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (८:९) शिकवितो. त्याने आपले मनुष्यत्व घेतले आणि आपले ईश्वरी जीवन दिले. ज्यास देवापुढे व्यवहाराचा कोणताच हक्क नव्हता, त्यास हक्क मिळाला, तोही फुकट.

म्हणून या शब्दाचे भाषांतर ‘व्यापार’ असे करू नये, असे आम्हांस वाटते. तसे केल्यास नवस फेडून कृपा पदरात पाडून घेता येते, असा ग्रह श्रोत्यांचा सहज होईल. पैसे देऊन पवित्र आत्म्याचे दान मागणाऱ्या शिमोनाची चूक हीच होती (प्रेषितांची कृत्ये ८). ‘विनिमय’ हा शब्द निर्दोष असला, तरी कोरडा आहे. ‘देवघेव’ या घरगुती शब्दात ‘देणे’ आधी येते व ‘घेणे’ मागून. धर्मशिक्षकाने वर्गात नेमका हाच क्रम समजावून सांगावा.