नीरेचा नकार

१९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले, बोलपटपूर्व काळात त्या कामास स्त्री मिळेना. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता, दोघेही तेच. या पार्श्वभूमीवर ‘प्रभात’चा ‘कुंकू’ (१९३७) पाहिला म्हणजे शांता आपटे यांच्या नीरेचे महत्त्व ध्यानी येते. वृद्ध वकिलाशी फसवून लावलेले लग्न ती मानीतच नाही.

जरठकुमारी-विवाहाचा विषय नवा नव्हता. देवलांच्या ‘शारदा’ने १८९९ मध्येच तो रंगभूमीवर आणला होता. परंतु शारदा सोसते, जीव द्यावयास निघते आणि कोदंड तिला वाचवितो. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामांनी उभी केलेली नीरा अशा कोणाची वाट पाहत नाही. पतीस ती जवळ येऊ देत नाही आणि लघळपणा करणाऱ्या सावत्र मुलालाही चांगलाच धडा शिकविते. (तिच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता घालण्याचा मोह मात्र टाळावयास हवा होता.)

शेवटी काकासाहेब आत्महत्या करतात. नीरेने नाकारलेला विवाह अखेर तिच्या कृतीने नव्हे, पतीच्या मृत्यूने संपतो; आणि केशवराव दाते यांच्या प्रभावी अभिनयामुळे प्रेक्षकाची करुणाही म्हाताऱ्याकडेच वळते. चित्रपटाचा हा दुबळेपणा खरा. तरीही मुंबई प्रांतात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये झाला, हे विसरून चालणार नाही. १९३७ च्या नीरेपुढे न्यायालयाची वाट नव्हतीच.