नाडी तारेवरून

“रंग बता, रंग!” फोनवर आमचे आरएमओ, म्हणजे पलटणीचे डॉक्टर साहेब, ओरडत होते. 1986च्या जानेवारीतली रात्र, लडाखमधली साडेपंधरा हजार फुटांवरची चौकी. मी आर्मी मेडिकल कोरचा नर्सिंग असिस्टंट, गाव कोरेगाव तालुक्यातलं. पुढ्यात एक गढवाली जवान भिंतीला टेकून बसलेला. आडवा केला की गुदमरायचा. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात ओठांचा निळेपणा कळत नाही, सगळं काळपटच दिसतं. टॉर्च मारली तेव्हा खात्री झाली. मग प्रश्नांची सरबत्ती. मिनिटाला श्वास किती? थुंकी पांढरी की गुलाबी? छातीला नळी लावल्यावर कसा आवाज येतो? म्हटलं, कानाजवळ केस चोळल्यासारखा. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, “हॅपो है. सुबह की राह मत देखो, नीचे भेजो.”

टेलिमेडिसिन हा शब्द माझ्या कानावर पडला तो त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी.

हॅपो हा आमचा फौजी शब्द. उंचीवर गेलेल्या धडधाकट माणसाच्या फुप्फुसांत पाणी भरतं, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. पूर्वी याला न्यूमोनिया समजत. तो न्यूमोनिया नव्हे, हे 1960 साली अमेरिकेतल्या डॉ. चार्ल्स ह्यूस्टन यांनी लिहिलं. पण या दुखण्याची खरी शाळा आपल्याकडे भरली आणि तिची फी जवानांनी भरली.

गंमत अशी, की लडाखात हा आजार मोठ्या संख्येने आणला तो विमानाने. पूर्वी श्रीनगरहून झोजीला ओलांडून लेहला पोचायला दोन आठवडे लागत. तट्टाच्या मागे चालता चालता रक्त आपोआप तयार व्हायचं. 24 मे 1948 रोजी हवाई दलाच्या मेहर सिंगांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहला डाकोटा उतरवलं. ती धावपट्टी सोनम नोरबू या लडाखी इंजिनिअरने बांधून घेतली होती. त्या काश्मीर युद्धात लेह वाचलं. पण त्यानंतर सकाळी मैदानात चहा प्यालेला माणूस दुपारी साडेतीन हजार मीटरवर उभा राहू लागला. तिथल्या हवेत प्राणवायू खालच्या दोन-तृतीयांशच. 1962च्या युद्धात तर घाईघाईने पलटणीच्या पलटणी वर गेल्या. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 1,925 जवानांचा अभ्यास 1969 साली प्रसिद्ध केला. आम्हाला घोकून घेतलेला सहा, चार, चार दिवसांचा नियम याच धड्यांतून आला. नऊ हजार फुटांच्या वर सहा दिवस थांबायचं, बाराच्या वर चार, पंधराच्या वर आणखी चार. माझा गढवाली डोंगरातलाच पोरगा, पण त्याचा डोंगर सहा हजारांचा. शेवटचे चार दिवस त्याला मिळाले नव्हते. का, ते कागदावर कुठेच नाही.

फौजेच्या आधी लडाखचा वैद्य म्हणजे अमची. नाडी आणि लघवी बघून औषध देणारा, बहुतेकदा वडिलांकडून शिकलेला. त्यांच्या विद्येत मुलाच्या नाडीवरून घरी पडलेल्या बापाचा अंदाज घेण्याचीही रीत आहे. रोगी यायला घाट आडवा, म्हणून नाडीच प्रवासाला पाठवायची! मला ते पटत नाही, पण अडचण ओळखीची वाटते. लेहला पुढे मोरावियन या ख्रिस्ती मिशनचा जर्मन डॉक्टर आला. नाव कार्ल मार्क्स, लंडनचा तो नव्हे. 1891 साली तापाने तो तिथेच गेला.

2001 नंतर इस्रोने उपग्रहावरून दवाखाने जोडायला घेतले. लेहचं रुग्णालय सुरुवातीच्या काही ठिकाणांत होतं. त्याला नाव आहे त्याच सोनम नोरबूंचं. उशिरा का होईना, धावपट्टीचं देणं असं फिटलं म्हणायचं. 2018 साली इस्रो आणि सैन्यदलांचा करार झाला, सियाचीनसारख्या जागांसाठी नवी केंद्रं ठरली.

उद्घाटनाच्या फोटोंत पडद्यावरचे डॉक्टर दिसतात. पडद्याच्या अलीकडे कोण बसतं, ते मी सांगतो. गारठलेल्या बोटावर ऑक्सिमीटर खोटं बोलतो, आधी बोट काखेत धरून ऊब द्यावी लागते. कुडकुडणाऱ्या माणसाचा ईसीजी म्हणजे नुसता गवताचा भारा. बॅटरी रात्री झोपायच्या पिशवीत घ्यायची, नाहीतर सकाळी मेलेली. हे करणाऱ्या कंपाउंडरला वर्षातून एकदा तरी नीट शिकवा, मग उपग्रहाचं कौतुक करा. माझा राग एवढाच आहे.

त्या रात्री ऑक्सिजन लावून, कांबळ्यांत गुंडाळून, चौघांनी गढवाल्याला स्ट्रेचरवरून खाली नेलं. अडीच हजार फूट उतरल्यावर तो स्वतःहून पाणी मागू लागला. इकडे वर पहाटे तीनला फोन मुका झाला. बर्फात तार तुटली होती. ती जोडायला नऊ दिवस लागले.