पत्ते कोण पिसतो?

द्यूत हा काही व्याख्यानमालेचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या खेळापायी धर्मराजाने राज्य घालविले, तो खेळ आज खिशातील मोबाइलवर येऊन बसला आहे. आणि 'पैसे लावून पोकर खेळायचे तर भरवशाचे संकेतस्थळ कोणते?' हा प्रश्न मोर्शीसारख्या गावातही कोणी विचारला, तर नवल वाटू नये. प्रश्न दिसतो तसा नवा नाही. जुगाराचा अड्डा चालविणाऱ्यावर भरवसा ठेवावा तो कशाच्या बळावर, हे माणूस फार प्राचीन काळापासून विचारत आला आहे. त्या प्रश्नाचा इतिहास आपणांपुढे थोडक्यात ठेवावा, एवढाच आमचा हेतू आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा एक अधिकारी सांगितला आहे. द्यूत एकाच ठिकाणी चालावे, फासे व कवड्या अध्यक्षानेच पुरवाव्यात, त्या कोणी बदलल्या तर बारा पण दंड करावा, आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच राजभाग घ्यावा, अशी ती व्यवस्था. जुगारी बहुधा लबाडीनेच खेळतात, असे कौटिल्य गृहीत धरतो. म्हणून तो खेळणाऱ्याच्या सचोटीवर विसंबत नाही. फासे कोणाच्या हातचे आहेत, ते पाहतो.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचे दिवस आले. कापसाबरोबर अडते आले, मापारी आले आणि काट्यावरचे तंटेही आले. त्यावर उपाय म्हणून १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित बाजार स्थापन झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. परवाना घेतलेले अडते व मापारी, तपासलेली वजने आणि देखरेखीला समिती, हे त्याचे सार. अडत्या भला आहे की लबाड, हे शेतकऱ्याने त्याच्या तोंडाकडे पाहून ठरवायचे नव्हते. काटा कोणीतरी तिऱ्हाइताने तपासलेला असावा, हे त्यातले तत्त्व होते.

याच कापसातून पुढे 'आकडा' जन्मास आला, हा दैवाचा खेळच म्हणावा लागेल. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडता व बंद होतानाचा भाव तारयंत्राने मुंबईस येई, आणि त्यावर लोक पैसे लावीत. हा जुगारच होता, यात शंका नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तो आकडा मुंबईच्या बुकीच्या हाती नव्हता. तो समुद्रापार ठरत असे. १९६१ साली ही पद्धत बंद पडली. मग मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची आणि पुढे पत्ते ओढण्याची रीत आली. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला. १९६४ साली रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका काढला. आकडा आता अड्ड्याच्या मालकाच्या हाती आला, आणि लोकांना भरवसा उरला तो त्याच्या नावाचा. पत्ते चारचौघांसमोर उघडले जात असत, म्हणूनच ते नाव चालले. पण पैसे बुडाले तर दाद कोठे मागावी? १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाने पैजेचा करार निरर्थक ठरविला आहे. बुकीने पैसे दिले नाहीत, तर न्यायालयाचे दार बंदच.

ऑनलाइन पोकरमध्ये मडके गेले व गणकयंत्र आले. १९९९ साली पत्ते कसे पिसले जातात याची रीत एका कंपनीने सचोटीच्या पुराव्यादाखल प्रसिद्ध केली. काही संगणकतज्ज्ञांनी ती वाचून दाखवून दिले की, यंत्र केवळ घड्याळावरून पत्त्यांचा क्रम ठरवीत आहे. पाच पत्ते कळले की बाकीचे सारे सांगता येतात. २००७ साली 'अ‍ॅब्सोल्यूट पोकर'वर आतल्या गोटातील एक खाते इतरांचे झाकलेले पत्ते पाहत असल्याचे उघडकीस आले. ते पकडले खेळाडूंनीच, जुन्या डावांच्या नोंदी ताडून. पुढे १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकन सरकारने बड्या संकेतस्थळांवर घाला घातला, तेव्हा 'फुल टिल्ट'कडे खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर येणे होते आणि बँकेत होते सहा कोटींच्या आसपास. या कंपनीजवळ ऑल्डर्नी बेटाचा परवाना होता! तो तहकूब झाला जूनमध्ये, म्हणजे घडायचे ते घडून गेल्यावर. उलट 'पोकरस्टार्स'ने खेळाडूंचा पैसा वेगळा ठेवला होता. त्यामुळे तो परत करता आला.

या साऱ्या इतिहासातून तीन कसोट्या हाती येतात. पत्ते पिसलेले तिऱ्हाइताला तपासता येतात काय? खेळाडूंचा पैसा मालकाच्या पैशापासून वेगळा आहे काय? आणि तंटा झाल्यास दाद मागायला जागा आहे काय? नुसता परवाना, नुसते नाव किंवा सिनेनटाची जाहिरात या कसोट्यांना उतरत नाही.

आपल्या देशापुरते पाहिले, तर तिसऱ्या कसोटीचे उत्तर आता स्पष्ट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, आणि २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. परंतु असा खेळ देऊ करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि त्याची जाहिरात करणे व बँकांनी त्याचे पैसे फिरविणेही निषिद्ध ठरविले आहे. अशा स्थितीत परदेशातून जो कोणी 'आम्ही भरवशाचे' म्हणून हाक मारतो, त्याच्याशी तंटा झाला तर आपला तरुण जाणार कोठे?

शिवाय, सचोटीचा अड्डाही फुकट पत्ते वाटीत नाही. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात आणि मालक त्या डावांतून आपला वाटा कापून घेतो. म्हणून सर्व खेळाडूंचा हिशेब एकत्र मांडला, तर तो नेहमी तोट्याचाच निघतो. कापूस विकताना काटा तपासून घ्यावा, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्याच कापसाचा पैसा घरातील मुलगा मोबाइलवर लावू लागला, तर तेथील काटा कोणी तपासला आहे, हे बापाने त्याला जरूर विचारावे.