जोखमीतील प्रौढांचे संरक्षण: बंगळुरूमधील पोलीस, समाजसेवक आणि महसूल खाते



समजा, बंगळुरूच्या पूर्व भागात, के. आर. पुरममध्ये, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी मुलाच्या कुटुंबासोबत राहतात. दवाखान्यातल्या नर्सला त्यांच्या दंडावर काळानिळा वळ दिसतो. आजी सांगतात, न्हाणीघरात घसरले. बँकेतल्या कारकुनाला दिसते की पेन्शन जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सगळी रक्कम काढली जाते. उपनिबंधक कार्यालयात घराचे बक्षीसपत्र नोंदले जाते (कन्नडमध्ये त्याला दानपत्र म्हणतात) आणि त्यावर आजींचा अंगठा रीतसर असतो. शेजारी गस्तीवरच्या पोलिसाला सांगतात की रात्री आरडाओरडा ऐकू येतो. तो म्हणतो, घरगुती भांडण आहे. या चौघांपैकी कोणी खोटे वागलेले नाही, आणि अत्याचार मात्र कोणालाच दिसलेला नाही. चार तुकडे चार टेबलांवर पडून आहेत.

उदाहरण कल्पित आहे. हे तुकडे एकत्र आणण्याचे जे प्रयत्न झाले त्यांचा इतिहास मात्र खरा आहे, आणि त्यात बंगळुरूला महत्त्वाचे स्थान आहे. या पाठात आपण तो पाहू.

पोटगीपासून सुरुवात

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना होणारी मारहाण ही वेगळी समस्या आहे, हे वैद्यकीय नियतकालिकांत पहिल्यांदा ठळकपणे मांडले गेले ते १९७५ साली ब्रिटनमध्ये. तिथे विषय डॉक्टरांकडून आला, त्यामुळे पुढची चर्चाही ‘कोणाला काय दिसले आणि त्याने ते कोणाला सांगितले’ या अंगाने झाली. २००० साली ब्रिटिश सरकारने पोलीस, आरोग्यसेवा आणि समाजकल्याण विभागांनी एकत्र काम करावे म्हणून मार्गदर्शक सूचना काढल्या. तरीही २००६ मध्ये कॉर्नवॉल परगण्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका प्रौढ माणसाचा, त्याच्याच घरात घुसून बसलेल्या लोकांनी छळ करून खून केला. चौकशीत आढळले की अनेक यंत्रणांकडे त्याच्याबद्दल माहिती होती, पण ती एकत्र कोणी ठेवली नव्हती. २०१४ च्या कायद्याने तिथे प्रत्येक स्थानिक प्रशासनाला संयुक्त मंडळ नेमणे बंधनकारक केले.

आपल्याकडे वाट वेगळी होती. भारतात हा विषय डॉक्टरांकडून आला नाही, तो पोटगीच्या दारातून आला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीची तरतूद फक्त पत्नी आणि मुलांसाठी होती. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईवडिलांना दिवाणी हक्क दिला, आणि १९७३ च्या नव्या संहितेतील कलम १२५ ने सर्व धर्मांच्या आईवडिलांना दंडाधिकाऱ्याकडे जाण्याची सोय केली. विवाहित मुलगीही यात जबाबदार आहे का, हा प्रश्न महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. कल्याणला वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या एका मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी अर्ज केला होता. १९८७ मध्ये न्यायालयाने सांगितले की मुलीवरही ही जबाबदारी आहे.

या वाटेचा एक परिणाम तुम्ही ध्यानात घ्या. पोटगी म्हणजे पैसा. वळ, उपासमार, खोलीला बाहेरून लावलेली कडी, जबरदस्तीने घेतलेला अंगठा, या गोष्टींना पोटगीच्या अर्जात रकाना नव्हता. त्या पाहणाऱ्या नर्सला किंवा समाजसेविकेला या व्यवस्थेत जागाही नव्हती.

आयुक्तालयातला दूरध्वनी

२००२ साली बंगळुरू शहर पोलीस आणि नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट या संस्थेने मिळून ज्येष्ठांसाठी १०९० ही हेल्पलाइन सुरू केली. वृद्धांच्या आरोग्यासाठी ही संस्था १९९८ पासून काम करत होती. हेल्पलाइन पोलीस आयुक्तांच्या कार्यालयाशी जोडलेली होती, आणि माझ्या मते तिचे सगळे महत्त्व या एका गोष्टीत आहे. फोन उचलणारा समुपदेशक असतो, गणवेशातला माणूस नसतो. आई आपल्या मुलाविरुद्ध पोलिसांत जायला तयार नसते, पण समुपदेशकाशी बोलते. मुलगा मात्र समुपदेशकाच्या फोनला दाद देत नाही. तो फोन पोलीस आयुक्तालयातून आला आहे म्हटल्यावर चर्चेला येतो. दोन पेशांची दोन वेगवेगळी बळे इथे एकमेकांना उपयोगी पडली. समुपदेशनाने न सुटलेले प्रकरण वकिलाच्या सल्ल्याकडे किंवा पोलीस ठाण्याकडे वळवता येत होते.

अर्थात यात एक धोकाही आहे. समेट हेच यश मानले, तर ज्या घरात मारहाण चालू आहे त्याच घरात वृद्धाला ‘समजूत काढून’ परत पाठवले जाते. समाजकार्याचा अभ्यास करणाऱ्यांनी हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा.

२००७: कायदा आला, गावही बदलले

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा डिसेंबर २००७ मध्ये झाला. त्याच वर्षाच्या आरंभी के. आर. पुरमची स्वतंत्र नगरपालिका बृहत् बंगळुरू महानगरपालिकेत विलीन झाली. या दोन घटनांचा थेट संबंध नाही, तरी त्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. आसपासची खेडी शहरात आली, व्हाइटफील्डच्या बाजूला संगणक कंपन्या उभ्या राहिल्या, आणि काल ज्या जमिनीवर नाचणी पिकत होती तिची किंमत घरातल्या कोणत्याही नात्यापेक्षा मोठी दिसू लागली. अशा ठिकाणी वृद्धाची मालमत्ता हेच त्याच्या जोखमीचे कारण होते.

नव्या कायद्याने याची दखल घेतली. कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. दरमहा पोटगीची कमाल मर्यादा १०,००० रुपये ठेवली. कलम २४ ने ज्येष्ठाला टाकून देणे हा गुन्हा ठरवला. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि पोटगी व हस्तांतरणाचे अर्ज न्यायालयात न नेता महसूल खात्याच्या उपविभागीय पातळीवरील अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे दिले. महाराष्ट्रात आपण त्यांना प्रांत म्हणतो, कर्नाटकात ते असिस्टंट कमिशनर. जमिनीच्या नोंदी ज्या खात्याकडे, त्याच खात्याकडे आईवडिलांचा सांभाळ आला.

कायद्याचा मजकूर वाचाल तर त्यात अनेक पेशांची माणसे दिसतील. ज्येष्ठ स्वतः अर्ज करू शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. प्रकरण आधी समेट अधिकाऱ्याकडे पाठवता येते. जिल्हा समाजकल्याण अधिकाऱ्याला निर्वाह अधिकारी नेमून तो आईवडिलांची बाजू मांडू शकतो, कारण कलम १७ ने वकिलांना मज्जाव केला होता. केंद्राने राज्यांना दिलेल्या आदर्श नियमांत तर आणखी एक सुंदर तरतूद आहे: प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवावी आणि पोलिसाने शक्यतो समाजसेवकाला किंवा स्वयंसेवकाला बरोबर घेऊन महिन्यातून एकदा तरी त्यांच्या घरी जावे. ‘बरोबर घेऊन’ हे दोन शब्द अमलात आणायला सगळ्यात अवघड. पोलीस एकटा गेला तर शेजारी दारात जमतात; समाजसेवक एकटा गेला तर दार उघडत नाही.

डॉक्टराला मात्र या कायद्यात निश्चित भूमिका मिळाली नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने केलेली सही खरी की खोटी, हे महसूल अधिकारी कसे ठरवणार? के. आर. पुरमच्या पश्चिमेला कस्तुरीनगरमध्ये नाइटिंगेल्स संस्थेचे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीचे केंद्र २०१० पासून आहे, निम्हान्ससारखी राष्ट्रीय संस्था त्याच शहरात आहे. ज्ञान शहरात आहे. ते न्यायाधिकरणाच्या टेबलापर्यंत नेण्याची कायदेशीर वाट आखलेली नाही.

एका घरात दोन जोखमीच्या व्यक्ती

आता या इतिहासातील सर्वांत अवघड प्रकरणाकडे येऊ. बंगळुरूच्या उत्तर भागातील एका घरातून सुनेला बाहेर काढावे, असा अर्ज सासूसासऱ्यांनी २००७ च्या कायद्याखाली केला. नवराबायकोचा वाद आधीच न्यायालयात होता, आणि घर मुलाकडून वडिलांकडे व वडिलांकडून आईच्या नावे गेलेले होते. असिस्टंट कमिशनरने सुनेला घर रिकामे करण्याचा आदेश दिला. बंगळुरू शहर जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरने आणि नंतर कर्नाटक उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. महसुली टेबलावरून पाहिले तर अर्जदार ज्येष्ठ होते, घर त्यांचे होते, हिशेब सरळ होता.

पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सुनेला सामाईक घरात राहण्याचा हक्क देतो, आणि त्यासाठी संरक्षण अधिकारी व दंडाधिकारी अशी वेगळी यंत्रणा आहे. ती यंत्रणा या महसुली सुनावणीत कुठेच नव्हती. १५ डिसेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती चंद्रचूड, इंदू मल्होत्रा आणि इंदिरा बॅनर्जी यांच्या पीठाने आदेश रद्द केला. ज्येष्ठांच्या रक्षणासाठी आवश्यक असेल तर न्यायाधिकरण घर रिकामे करायला सांगू शकते, पण आधी समोरच्या पक्षाचा दावा तपासला पाहिजे. एका कायद्याची संक्षिप्त सुनावणी वापरून दुसऱ्या कायद्याने स्त्रीला दिलेला निवारा काढून घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. सुनेला २००५ च्या कायद्याखाली दाद मागता यावी म्हणून एक वर्ष तिला घरातून जबरदस्तीने काढण्यास मनाई केली.

हा निकाल सुनेच्या बाजूचा आणि वृद्धांच्या विरुद्ध, असे तुम्ही परीक्षेत लिहू नका. वृद्ध सासूही २००५ च्या कायद्याखाली दाद मागू शकते, कारण तीही स्त्रीच आहे. चूक अशी झाली होती की एका टेबलाला घरात एकच पीडित दिसत होता.

निकालाच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०१९ मध्ये, लोकसभेत या कायद्याचे दुरुस्ती विधेयक आले होते. प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक समन्वय अधिकारी आणि प्रत्येक जिल्ह्यात विशेष पोलीस पथक असावे, १०,००० रुपयांची मर्यादा उठवावी, असे त्यात होते. २०२१ मध्ये १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन देशभर सुरू झाली. विधेयक मात्र मंजूर न होता २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर संपले.