मिक्स जातीचं पिल्लू घरी आणताय? पहिल्या वर्षात काय काय होणार, ते आधीच जाणून घ्या

बेळगाव : भादव्यात जुळलेल्या कुत्र्यांना साधारण ६३ दिवसांनी पिल्लं होतात. त्यामुळे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत गल्लीबोळात, मळ्यात, बांधकामाच्या वाळूवर पिल्लंच पिल्लं दिसतात. त्यातलं एखादं पोरांच्या हट्टापायी घरी येतं. कुणी ‘लॅबचं क्रॉस आहे’ म्हणून देतं. आठ महिन्यांनी ते लॅबसारखं दिसत नाही, चपला फाडतं, पाहुण्यांवर भुंकतं आणि मग एका रात्री हायवेला सोडून दिलं जातं. उपाशी-तहानलेलं मरायला जनावर असं सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ही वेळ येऊ नये म्हणून आणण्याआधीच काही गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.

दिसणं आणि आकार
क्रॉस पिल्लू मोठेपणी कसं दिसेल, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. एकाच विणीतल्या पिल्लांचे बापही वेगवेगळे असू शकतात. कान उभे राहतील की पडतील, हे कळायला पाच-सहा महिने जातात. मध्यम आकाराच्या पिल्लाचं चौथ्या महिन्यातलं वजन दुप्पट केलं की मोठेपणीचा साधारण अंदाज येतो.

सीमाभागात मुधोळ किंवा कारवानीचं रक्त असलेली पिल्लं बरीच मिळतात. मुधोळ हे बागलकोट जिल्ह्यातलं गाव. तिथल्या शिकारी कुत्र्यावर २००५ मध्ये टपाल तिकीटही निघालं. ही पिल्लं मुळात सडपातळ असतात, उपाशी नसतात. पळायला जागा लागतेच, आणि कोंबडी, मांजर दिसलं की पाठलाग ठरलेला. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बांधून ठेवण्याचं हे जनावर नव्हे.

गावठी मिश्रण म्हणजे कणखर, आजार नाहीच, असा समज आहे. तो अर्धाच खरा. आपल्या हवेला ही कुत्री सरावलेली असतात. पण लस न दिलेलं पिल्लू गावठी असो की महागडं, पार्वोपुढे दोन्ही सारखीच.

लसी आणि जंत
आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, त्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे डोस. ‘एक इंजेक्शन झालंय’ म्हणून थांबू नये. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण सुरुवातीच्या लसीला नीट काम करू देत नाही, म्हणूनच डोस पुन्हा द्यावे लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, वजनानुसार. कार्ड जपून ठेवावं.

उलट्या, रक्ताची पातळ शी आणि खाणं बंद, ही पार्वोची लक्षणं. घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. ज्या घरात पार्वोने पिल्लू गेलं, तिथे विषाणू कित्येक महिने टिकतो. तिथे लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू आणू नये.

चावणं
साधारण चौथ्या महिन्यात २८ दुधाचे दात पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात पिल्लू जे दिसेल ते चावतं. मारून ही सवय जात नाही. चावायला जाड दोरी, रबरी खेळणं द्यावं. हात चावला की खेळ बंद.

मात्र लस न झालेल्या पिल्लाचा दात किंवा नख लागून खरचटलं, तर ‘लहान तर आहे’ म्हणून सोडून देऊ नये. पिल्लालाही रेबीज होतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी, हळद-चुना लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोरं भीतीने सांगत नाहीत, म्हणून मोठ्यांनीच विचारत राहावं.

खाणं आणि शी-शू
नुसत्या दूध-भाकरीवर पिल्लू वाढत नाही. गाईच्या दुधाने अनेकांना जुलाब होतात. भाताबरोबर अंडं किंवा उकडलेलं चिकन हवं. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहापर्यंत तीन, पुढे दोन वेळा. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं नकोत. जेवण, झोप आणि खेळ झाला की लगेच बाहेर न्यावं. तीन महिन्यांचं पिल्लू तीन-चार तासांपेक्षा जास्त धरू शकत नाही. घरात शू केली म्हणून तोंड घासण्यात अर्थ नाही.

सर्वांत कठीण काळ
सहा महिने ते दीड वर्ष. ऐकलेलं न ऐकल्यासारखं करणं, भुंकणं, पळून जाणं. मादी सहा ते बारा महिन्यांत पहिल्यांदा माजावर येते. नसबंदी केव्हा करायची, ते डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. बहुतेक पिल्लं रस्त्यावर जातात ती याच काळात. रोज दोन वेळा फिरवणं आणि घरातल्या सगळ्यांचा एकच नियम, एवढं वर्षभर पाळलं तर कुत्रं शांत होतं. पुढे दहा-बारा वर्षं सोबत करणारं हे जनावर आहे. तेवढी तयारी असेल तरच वाळूवरचं पिल्लू उचलावं.