अब्बांची फियाट

आमच्या सोलापूरच्या घराच्या अंगणात कडुलिंबाखाली अब्बांची फियाट अकरा वर्षं उभी होती. अब्बांचा इंतेकाल झाला तेव्हा ती चालू होती. मग बॅटरी उतरली, टायर बसले, एका पावसाळ्यात मांजरीने मागच्या सीटवर पिल्लं घातली आणि त्यानंतर तिला कोणी गाडी म्हणेना. भंगारवाला आला, त्याने एक फेरी मारली, बॉनेटवर थाप दिली आणि एकवीस हजार सांगितले. नऊशे किलोच्या आतली गाडी. त्याचा हिशोब वजनाचा होता.

भाईजान द्यायला तयार होते. आपा म्हणाली, "हिस्सा माफ नाही, पण गाडी विकायची नाही." अम्मी काहीच बोलली नाही. गाडी अब्बांच्या तरक्यातली, म्हणजे आम्हा सगळ्यांची. शेवटी मी भंगाराचीच किंमत धरून वाटणी केली. आठवा हिस्सा अम्मीचा, 2,625 रुपये. उरलेल्याचे पाच भाग, त्यातला एक आपाचा, 3,675. दोन भाईजानचे, 7,350. एवढे पैसे देऊन मी ती गाडी एकट्याची केली. शाळेत मी मुलांना अपूर्णांक शिकवत नाही, पण हा हिशोब त्यांना फळ्यावर करून दाखवायला हवा असं वाटून गेलं.

गाडी 1978 सालची. कागदावर 'प्रीमियर पद्मिनी'. घरात मात्र ती कायम फियाटच राहिली, जशी ती साऱ्या महाराष्ट्रात राहिली. या नावांचीच एक गोष्ट आहे, आणि ती सोलापुरातून सुरू होते.

वालचंद हिराचंद 1882 मध्ये आमच्याच गावात जन्मले. साखर, जहाजं, बांधकाम, विमानं, सगळीकडे त्यांनी हात घातला. मोटारीचा कारखाना काढायचा त्यांचा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होता, पण इंग्रज सरकारला हिंदुस्थानात मोटारी बनवण्याची घाई नव्हती. अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला. सुरुवात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांनी झाली. डॉज, प्लिमथ, डिसोटो यांचे सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. 1951 पासून इटलीच्या फियाटशी जुळलं. 1953 च्या सुमारास सरकारने धोरण ठरवलं की ज्यांना हळूहळू इथेच उत्पादन करायचं आहे त्यांनीच राहावं. शिवडीत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. मैदानात मोजकेच उरले.

मग आली फियाट 1100. तिच्या जुन्या गोलमटोल रूपाला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हटलं. आमचे चाचा कुर्ल्याच्या कारखान्यात बॉडी शॉपला होते. ते या गाडीविषयी तासभर बोलत, पण हे टोपणनाव कधी तोंडावाटे काढत नसत. 'वो पुरानीवाली' एवढंच म्हणत. 1964 पासून कोनदार, चापूनचोपून बसवलेली 1100 डिलाइट आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर 1972 मध्ये तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि 1974 मध्ये 'पद्मिनी'.

चितोडच्या राणीवरून हे नाव ठेवलं असं सांगतात. ती राणी घराघरांत पोहोचली ती मुख्यतः मलिक मुहम्मद जायसींच्या 'पद्मावत'मुळे. 1540 मध्ये एका सूफी कवीने अवधीत रचलेलं ते काव्य. इटलीचा आराखडा, सोलापुरी जैन उद्योगपतीचा कारखाना, जायसींची नायिका आणि कुर्ल्यात पत्रा ठोकणारे आमचे चाचा. आपल्याकडच्या वस्तूंची वंशावळ बहुधा अशीच असते. कोणी शुद्ध-अशुद्धाच्या गप्पा मारू लागलं की मला ही गाडी आठवते.

1089 सीसीचं इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांडीवर हाताचा गिअर, पुढे दोघांऐवजी तिघे बसतील अशी सलग सीट. परवान्यांच्या त्या काळात नवी गाडी मिळायला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे जुनी गाडी मोडीत काढणं हा विचारच कोणाला परवडत नव्हता. अब्बांनीही ही जुनीच घेतली, 1991 मध्ये. नेमकं तेच वर्ष, ज्यात देशाचे दरवाजे परदेशी कंपन्यांना उघडायला सुरुवात झाली. पुढच्या दहा वर्षांत पद्मिनी बनणं बंद झालं.

आता गंजाविषयी. मराठीत 'गंज' म्हणजे लोखंडाला लागणारी कीड. उर्दूत 'गंज' म्हणजे खजिना, आणि टक्कलही. लोखंडाच्या गंजाला उर्दूत 'ज़ंग' म्हणतात, 'ज़े'ने लिहितात. 'जीम'ने लिहिलं तर ती लढाई. गॅरेजमध्ये उच्चाराचा हा फरक कोणी पाळत नाही. आमचे मिस्त्री म्हणाले, "सर, इसको पूरा जंग लगा है," आणि पुढचे पाच महिने मला दोन्ही अर्थ बरोबर वाटत राहिले.

फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. बॉडीचा पत्राच सांगाडा असतो. त्यामुळे तळ गंजला तर फक्त तळ जात नाही, गाडीचा कणा जातो. पाणी वरून येतं असं आपल्याला वाटतं, पण ते आत साचतं. काचेच्या रबरातून झिरपतं, रबरी चटईखालचा नमदा ते धरून ठेवतो आणि पत्रा आतून कुजतो. दरवाज्यांच्या तळाला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. ती कचऱ्याने बुजली की दरवाजा म्हणजे टाकी. लोखंड गंजलं की फुगतं, म्हणून आधी रंगाला फोड येतो. फोड दिसेपर्यंत आतलं काम बरंच झालेलं असतं.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी रंगाकडे पाहिलंच नाही. लहान हातोडी घेऊन ते गाडीभोवती ठोकत फिरले. चांगला पत्रा टणकन वाजतो, कुजलेला थप्प असा. जिथे थप्प आलं तिथे खडूची खूण. अर्ध्या तासात गाडी खडूने पांढरी झाली. मग जॅक लावला, तर गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकच खालच्या पट्टीतून आत घुसला. भाईजान नेमके तेव्हा बघायला आले होते. काही न बोलता चहा पिऊन गेले.

इंजिन जाम होतं. चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं, आठवडाभर तसंच ठेवलं आणि मग पंखा-पुली हाताने मागेपुढे करत सोडवलं. पेट्रोलची टाकी उतरवून तिच्यात खडी घालून खळखळवली. तांबडी माती निघावी तसा गाळ निघाला. कार्बुरेटर उघडून साफ केला. हे सगळं सोपं. खरा खर्च आणि खरा वेळ तळाचा. कुजलेला भाग कापायचा, कागदावर त्याचा आकार उतरवायचा, नवा पत्रा कापून वाकवून बसवायचा. सलग वेल्डिंग केलं तर उष्णतेने पत्रा पापडासारखा वाकडा होतो, म्हणून थेंब इथे, थेंब तिथे, मधे थंड होऊ द्यायचं. वर रेडऑक्साइड. पुट्टीने भोक बुजवून रंग मारणारेही आहेत. पुढच्या पावसाळ्यात ते भोक पुन्हा वर येतं.

ही विद्या कुठल्या अभ्यासक्रमात नाही. मी बी.एड. आहे, माझ्या भिंतीवर प्रमाणपत्र आहे. मिस्त्री चौथीनंतर शाळेत गेले नाहीत. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम कामगार ज्या धंद्यांत जास्त दिसतात त्यांत वाहनदुरुस्ती आहे. आपण तो अहवाल मागासलेपणाचा पुरावा म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याच ओळीत एक इतिहासही आहे. जो देश वर्षाला मोजक्या गाड्या बनवत होता, त्या देशाला पन्नास वर्षं चालतं ठेवलं ते या हातांनी. वालचंदांचं चरित्र आहे. कुर्ल्याच्या संपांवर, दत्ता सामंतांवर लिहिलं गेलं. पण कारखान्याच्या फाटकाबाहेर गाडी आली की पुढची तीस-चाळीस वर्षं तिचं काय झालं, हे लिहायला कोणी बसलं नाही. कारखाना गेल्यावर चाचांनीही कुर्ल्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये डेंटिंगच केलं. ज्या दरवाजाला त्यांनी नवा असताना हात लावला असेल, तो ठोकायला पुन्हा त्यांच्याकडेच आला असेल.

मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटची नोंद 2003 ची होती. वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. ती योग्यच, पण त्या हळहळीत टॅक्सी होती, ती चालती ठेवणारा नव्हता. आमच्या मिस्त्रींचा मुलगा मोबाईलच्या दुकानात बसतो. "इसमें कमर जाती सर," तो मला म्हणाला, आणि त्याच्या वडिलांची कंबर पाहता मला उत्तर सुचलं नाही.

खासगी गाडीला वीस वर्षांची मर्यादा नाही; पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते. एप्रिल 2022 मध्ये मोटारीची ही फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद मिळते, पण आमची अजून तिथवर पोहोचलेली नाही. माझे कागद अजून अर्ध्यावर आहेत. आधी गाडी वारसाच्या नावावर, मग तपासणी. तोवर ती गल्लीच्या तोंडापर्यंत जाते आणि परत येते.

एकूण खर्च एक लाख अडतीस हजार झाला. अम्मीला मी ऐंशी हजार सांगितलेत. तिने विश्वास ठेवलेला नाही.

तळाचं काम शेवटाला आलं होतं तेव्हा मिस्त्रींनी मला खाली बोलावलं. मी पाठीवर झोपून आत सरकलो. ड्रायव्हरच्या सीटखाली वीतभर जागेवर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बसवलेला होता. खरवडल्यावर त्यावरची छापील अक्षरं अजून दिसत होती. चारी बाजूंनी बारीक, सारख्या अंतरावर झाळलेला.

"ये पेवंद अपने वस्ताद का है," मिस्त्री म्हणाले. "मैं बत्ती पकड के खडा था. आपके अब्बा उधर स्टूल पे बैठे थे, जल्दी करो बोल रहे थे."

वस्तादांना जाऊन वीस वर्षं झाली. मी विचारलं, हाही कापून नवा घालायचा का. त्यांनी हातोडीने ठिगळावर दोनदा ठोकलं. टणकन वाजलं. "इसको क्या हुआ है?" म्हणाले, आणि त्याच्यावरून रेडऑक्साइडचा ब्रश फिरवला.